लेफ्टनंट हॅनिगन यांचा जबाब

“अकरा नंबर,” सुलेखा रामटेकेने पुकारलं आणि खुर्च्यांच्या रांगेतून वॉल्टर हॅनिगन उठले. अमेरिकेतल्या ट्रॉय शहराच्या याच ऑफिसात बावीस वर्षं ते काँग्रेसमन, म्हणजे तिथले खासदार, म्हणून बसत. नोव्हेंबरात निवडणूक हरले. नव्या माणसाने सुलेखाला ठेवून घेतलं, आणि तिला नोकरी देणारे हे गृहस्थ आता सत्त्याहत्तराव्या वर्षी नंबरची चिठ्ठी धरून आले होते. तिलाच ओशाळं वाटलं.

“सर, तुम्ही डायरेक्ट आत यायचं ना!”

“का? हे बाकीचे रिकामटेकडे आहेत?”

सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता.

काम रे डॉब्सचं होतं. व्हिएतनाममध्ये हॅनिगन लेफ्टनंट आणि रे त्यांच्या तुकडीतला शिपाई. हुकूम मोडला, पळाला, असा ठपका ठेवून लष्कराने त्याला बेअब्रू करून घरी पाठवलं. पेन्शन नाही, दवाखाना नाही, मेल्यावर शवपेटीवर झेंडासुद्धा नाही. तो ठपका पुसावा म्हणून हॅनिगन अठरा वर्षं पत्रांवर पत्रं पाठवत होते. दर वेळी लष्करी मंडळाचं एकच उत्तर यायचं, साक्षीदार द्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे सुलेखाचे केस पांढरे झाले. शेकडो सैनिकांच्या केसेस तिने मार्गी लावल्या होत्या. ही एकच राहिली होती.

हॅनिगननी कोटाच्या खिशातून हाताने लिहिलेले दोन कागद काढले.

“साक्षीदार आणलाय.”

सुलेखा वाचू लागली. ‘पुलाजवळच्या झोपड्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम मी दिला. आत बायका-मुलं आहेत, असं रे ओरडून सांगत होता. त्याने बंदूक खाली ठेवली. बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या. चौकशीत मी सांगितलं, की रे घाबरून पळाला. ते खोटं होतं.’

याच माणसाशेजारी बसून तिने ती सगळी पत्रं टाइप केली होती. दोघांनी मिळून जुन्या सैनिकांच्या याद्या चाळल्या होत्या, कोणी तरी पाहिलं असेल म्हणून. आणि पाहणाऱ्याने इतकी वर्षं तोंडातून ब्र काढला नव्हता.

“अठरा वर्षं, सर?”

“दर दोन वर्षांनी इलेक्शन यायचं, सुलेखा.”

तिला त्यांचा भयंकर राग आला. कागद त्यांच्या अंगावर फेकावेत असं वाटलं. पण तिला त्याहून अवघड गोष्ट सांगायची होती.

“सर, सकाळी रेच्या बहिणीचा फोन आला होता. मंगळवारी रे गेले. उद्या दफन आहे.”

हॅनिगन हळूच म्हणाले, “झेंडा?”

“नाही सर. मंडळाचा डिसिजन यायला वर्ष तरी लागेल.”

वरातीमागून घोडं, असं तिच्या मनात आलं. हे वाक्य इंग्रजीत सांगता येणार नाही याचं तिला बरंच वाटलं.

“मग हे कागद वाया गेले?”

“नाही. बहिणीला केस पुढे चालवता येते. तिची सही लागेल. मी फॉर्म मेल करते.”

“नको. मी घेऊन जातो.”

“सर, ती विचारेल, साक्षीदार कोण.”

“विचारू दे.” त्यांनी जबाबाचे कागद परत उचलले. “हे आधी तिने वाचायचे. मी समोर बसतो.”

“तिने घरात घेतलं नाही तर?”

“तर पायरीवर बसेन.”

सुलेखाने फॉर्मला पत्त्याची चिठ्ठी टाचून दिली. अठरा वर्षं पाकिटांवर पत्ते तीच घालत आली होती. हॅनिगननी कोटाची बटणं लावली, दरवाजापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

“तिचं नाव काय?”

“लोरेन.”

“लोरेन,” त्यांनी पाठ करावं तसं दोनदा स्वतःशी म्हटलं आणि दार लोटून बर्फात गेले.