घरचं काम

दादांना जाऊन आठवडा झाला तरी भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली नव्हती. गावातली कितीतरी घरं त्यांनी बांधली होती, आणि बांधकामाचा ठेकेदार असूनही त्यांच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढत नव्हतं. बैठकीत जागा पुरेना तेव्हा काहीजण जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. सगळे भिंतीला चिकटून, कारण दुसऱ्या बाजूला कठडा नव्हता.

दादांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. निवृत्त मास्तर सांगत होते की त्यांच्या न्हाणीघराचा उतार किंचित चुकला, तर दादांनी सगळी फरशी आपणहून उखडली. "मी म्हटलं, राहू द्या हो. तर म्हणाले, मास्तर, मी हे घरचं काम समजून करतोय."

डॉक्टरीणबाईंनाही ते हेच म्हणाले होते. पेट्रोलपंपवाल्यालाही. माना डोलल्या, कुणीतरी डोळे पुसले.

तिलाही हा शब्द चांगला ठाऊक होता. घरात फक्त त्याचा अर्थ निराळा होता. कठड्याचं काढलं की दादा हसून म्हणत, अगं, घरचंच काम आहे, कुठे पळून जातंय? एकदा लोखंड येऊन पडलं, ते कुणाच्या तरी गच्चीला गेलं. लेक लहान असताना त्याच जिन्यावरून खाली कोसळली. दादा तिला उचलून दवाखान्यात धावले, पोरासारखे रडले, उद्याच कठडा लावतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या व्हरांड्याला कठडा लावायला गेले. तिथेही पोरंच आहेत ना, असं त्यांचं म्हणणं.

लेकीचा डावा हात अजून कोपरात सरळ होत नाही. आणि तिचं बाळ आता रांगायला लागलं होतं.

सगळे उठले तेव्हा मिस्त्री जवळ आला. हा दादांचा उजवा हात. यापुढे सगळी कामं तोच बघणार होता. वहिनी, काही लागलं तर नुसती हाक मारा, म्हणाला.

"कठडा लागतोय," ती म्हणाली.

मिस्त्रीने जिन्याकडे पाहिलं आणि थेट दादांसारखा हसला. "एवढंच ना? घरचंच काम आहे, वहिनी. होऊन जाईल."

कधी, ते तिने विचारलं नाही.

सकाळी तिने दुसऱ्या ठेकेदाराला बोलावलं. दादा हयातभर ज्याला थापाड्या म्हणत आले, तोच हा. उंबऱ्यात आल्या आल्या तो गहिवरला. कामावरून भांडलो असू, पण माणूस सोन्यासारखा होता, म्हणाला. मग त्याने जिना खालून वर न्याहाळला.

"पैशांचं बोलूच नका, वहिनी. मी हे घरचं काम समजून..."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "परक्याचं समजून करणार असाल तर टेप काढा."