दुसरा ब्राउझर

"बाबा, तुमच्या त्या ब्राउझरला आता पेन्शन द्या," लेक फोनवरून म्हणाली. "आईचा हलका होता ना, तोच डीफॉल्ट करा. लिंक त्यातच पटकन उघडेल."

तंत्रशाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला पोरीनं ब्राउझर शिकवावा! पण तिनं पाठवलेले नव्या घराचे फोटो उघडताना माझं जुनं मशीन खरंच धापा टाकत होतं. एका मशीनवर दोन ब्राउझर कशाला, म्हणून मी हिच्यावर डाफरायचो. ही ऐकून घ्यायची आणि आपलाच वापरायची. मीही हट्टानं तिच्या ब्राउझरला कधी हात लावला नाही. ती जाऊन दीड महिना झाला होता.

सेटिंग्जमध्ये जाऊन मी तिचा ब्राउझर निवडला, लिंकवर क्लिक केलं. फोटोंचं पान आलं, पण त्याच्या आधी तिनं उघडी ठेवलेली तीन पानंही आली.

पहिलं काखेतल्या गाठीबद्दल होतं. दुसरं, ऑपरेशन लांबवलं तर काय होतं याबद्दल. शेवटी शेवटी वाचलं असेल, असं वाटलं. सवयीनं हिस्टरी पाहिली. तारीख ऑक्टोबरची होती. मला तिनं गाठ दाखवली फेब्रुवारीत. "कालच हाताला लागली," म्हणाली होती.

ऑक्टोबरात माझी बायपास झाली होती. ही उशाशी बसून मला भरवत होती आणि जेवण अळणी आहे म्हणून मी तोंड वाकडं करत होतो.

तिसऱ्या पानावर शोधाच्या चौकटीत तिनं लिहिलेलं तसंच होतं: 'बायपासनंतर नवऱ्याला वाईट बातमी किती महिन्यांनी सांगावी.'

उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्यासमोरच हिला बोललो होतो. स्वतःकडे जरा म्हणून लक्ष देत नाहीस, म्हणालो होतो. ही खाली मान घालून ऐकत राहिली.

"बाबा? उघडलं का?" लेक केव्हाची विचारत होती. तिला आठवा महिना लागला होता. आईच्या गाठीचं तिलाही फेब्रुवारीतच कळलं होतं.

"उघडलं की," मी म्हणालो. "घर छान आहे गं. उजेड भरपूर येतो."

फोटो मी अजून पाहिलेच नव्हते.