मणका कसा आटला?

वेस्ट मांबलमच्या कल्याणमंडपात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लग्न तर कुणाचंच नव्हतं. नवरा-नवरीच्या जागी दवाखान्यात असते तशी दिव्याची पेटी उभी होती. तिला मोगऱ्याचा हार घातलेला. पेटीवर स्कॅनच्या दोन फिल्मा. डावीकडे यकृतात लिंबाएवढी गाठ, उजवीकडे बोराएवढी.

"ही व्रताआधी, ही व्रतानंतर!" लेपस्वामी गरजले. "औषध एक थेंब नाही. माझा लेप आणि तुमची श्रद्धा. डॉक्टर मोजतात, मी मिटवतो!"

टाळ्या कडाडल्या. शेजारी आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यातला रंगा हात जोडून उभा होता. गाठ त्याची होती. सहा फुटांचा गडी लहान मुलासारखा हसत होता.

तिसऱ्या रांगेत सावनीने सासूचा हात धरून ठेवला होता. सावनी रेडिओलॉजिस्ट. नाशिकची मुलगी, तंजावरी मराठी घरात सून होऊन आलेली. सासूबाई कृष्णवेणींच्या फुफ्फुसातली गाठ आठवड्यापूर्वीच मोजली होती. आहे तेवढीच होती. सावनीला तो औषधाचा विजय वाटला होता, सासूबाईंना पराभव. उद्या सोमवारी पुढचा डोस होता, आणि स्वामींचं दीड महिन्याचं 'मंडल' व्रत घ्यायचं तर औषध बंद.

"तुम्ही मोजता, मोजता, आणि सांगता काय? आहे तेवढीच!" कृष्णवेणी हात सोडवत म्हणाल्या. "तो बघ, बोर करून दाखविला. मला बरं होयाचं आहे, कण्णा, बाळा माझ्या. सोड."

त्या मंचावर चढल्या. स्वामींनी व्रताचा धागा उचलला.

सावनी फिल्मांकडे बघत होती. सगळ्यांचे डोळे गाठीवर, म्हणून तिने गाठ सोडून बाकीचं पाहिलं. मग उठली आणि सरळ मंचावर गेली.

"स्वामी, यांच्या मणक्यालाही गाठ होती का?" तिने आपल्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"मणक्याला? नाही, अम्मा."

"मग तो का आटला?" तिने बोट ठेवलं. "हा गोल पांढरा मणका. या फिल्मेत केवढा, आणि त्या फिल्मेत? निम्म्याहून लहान."

सभागृहात चुळबुळ झाली. स्वामी मंद हसले. "पाप गेलं की हाडंसुद्धा हलकी होतात!"

पुन्हा टाळ्या.

"हलकी होऊ देत. पण मणके निम्मे झाले तर रंगाअण्णा माझ्या कमरेला लागायला हवे होते."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग रांगच्या रांग हसली. रंगा मात्र हसला नाही.

दोन्ही फिल्मांच्या कडांना चंदनाचा जाड लेप होता, वर कुंकू. या गावात नव्या वस्तूला चंदन-कुंकू लावतात आणि लावलेलं कुणी पुसत नाही. सावनीने पदर ओला केला आणि दोन्ही कडा पुसल्या.

"विटाळ! विटाळ केला बाईने!" स्वामींचा आवाज चिरकला.

लेपाखालून बारीक रेघांची पट्टी निघाली. "प्रत्येक फिल्मेवर ही असते," सावनी सभागृहाकडे वळून म्हणाली. "दोन रेघांमध्ये एक सेंटिमीटर. चित्र मोठं छापलं की रेघा लांब पडतात, लहान छापलं की जवळ येतात. गाठ आटलेली नाही. चित्र लहान छापलंय. आई, तुम्हीच मोजा. ज्या त्या गाठीला तिचीच पट्टी."

कृष्णवेणींनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची कड डाव्या गाठीला लावली, नखाने खूण केली, पट्टीवर धरली. "सहा." उजवीकडे त्यांना वेळ लागला. रेघा दाट होत्या. त्यांनी दोनदा मोजलं.

"आठ," त्या हळूच म्हणाल्या. मग रंगाकडे बघून मोठ्याने, "अय्यो, तंबी, भावा, वाढली आहे रे!"

आता टाळ्या नव्हत्या. रंगाने पुढे होऊन दोन्ही फिल्मा पेटीवरून ओढून काढल्या.

"ठेव! माझ्या मठाने काढलेल्या आहेत त्या!" स्वामी ओरडले.

"फिल्मा मठाच्या असतील," रंगा म्हणाला, "पोट माझं आहे."

"व्रतापायी डोस बुडालेत, अण्णा, पण डॉक्टरांना लगेच गाठा," सावनी म्हणाली. "बरे व्हालच असं मी म्हणणार नाही. जे दिसेल ते मात्र खरं सांगू."

"उद्या डोसला मी जातेच आहे," कृष्णवेणी म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर." स्वामींच्या हातातला धागा तसाच लोंबकळत राहिला.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: कशाने मोजलंत, आणि ते आम्हाला मोजू द्याल का? यावर जो रागावेल, त्याच्यापुढून उठा. डॉक्टर रागावला तर त्याच्यापुढूनही उठा, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा. 'आहे तेवढीच' हे उत्तर गोड नाही. पण ते मोजून दिलेलं असतं, आणि त्यावर पुढचा डोस ठरतो.