सव्वा वाजताची ओळ

मी एक ओळ बोलतेय. हसू नका. लिनक्स सर्व्हरच्या, म्हणजे अहोरात्र जागणाऱ्या एका संगणकाच्या, पोटात कामांचं एक वेळापत्रक असतं, त्यातली मी एक ओळ. सुरुवातीला दोन आकडे, मग तीन चांदण्या आणि पुढे एक लांबलचक हुकूम, एवढाच माझा देह. आकड्यांचा अर्थ दुपारी सव्वा वाजता. चांदण्यांचा अर्थ रोज, न चुकता.

आमच्याकडे क्रॉन नावाचा कारभारी आहे. तो दर मिनिटाला वेळापत्रक वाचतो आणि जिची वेळ झाली त्या ओळीला उठवतो. माझं काम म्हणजे साठवलेले आवाज गोळा करायचे, त्यांचं गाठोडं बांधायचं आणि दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवायचं. लोक याला बॅकअप म्हणतात. सव्वाची वेळ निवडली, कारण तेव्हा दवाखाना जेवायला बंद असतो.

दवाखाना ताईंचा. ज्यांचं बोलणं अडलंय त्यांना बोलतं करायचं, हा त्यांचा व्यवसाय. पण त्यांच्याकडे आणखीही माणसं येतात, घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार आहे अशी. ताई त्यांना एका लहानशा खोलीत माइकसमोर बसवतात आणि त्यांचा आवाज साठवून घेतात. पुढे त्यांना तळहाताएवढा एक डबा मिळतो. बटण दाबलं की डबा त्यांच्याच आवाजात बोलतो.

आमचा सर्व्हर त्याच खोलीतल्या कपाटात आहे आणि माइक त्याला जोडलेला, त्यामुळे खोलीतला शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येतो. मला डोळे नाहीत. मी ऐकून ऐकून माणसं जुळवते. आणि ऐकताना थक्क होते. ताईंच्या यादीत 'पाणी हवंय', 'इथे दुखतंय' अशी साठ वाक्यं आहेत, ती लोक भराभर म्हणून टाकतात. मग ताई विचारतात, "आता तुमचं स्वतःचं काही?" तिथे भलेभले अडखळतात. एका सुताराने नुसती शीळ घातली. म्हणाला, आमच्या कुत्र्याला तेवढंच कळतं. एका आजींनी नातीला चांगलं पाच मिनिटं रागावून घेतलं. जन्मभराच्या बोलण्यातून माणूस एवढंसं वाचवतो, आणि ते बांधायचं काम माझ्याकडे! मला तर गाठोडं उचलतानासुद्धा धाकधूक व्हायची.

मला लिहिलं भावोजींनी, म्हणजे ताईंच्या धाकट्या दिरांनी. ते एका कारखान्यातले संगणक सांभाळतात. वहिनींचा सर्व्हर हे घरचं काम, चहाच्या बोलीवर. टाइप करतात दोन बोटांनी, पण दीड वर्षात मी एकदाही चुकले नाही. मग एक दिवस ताई म्हणाल्या, "भावोजी, आजचं गाठोडं कालच्यावर बसतं आणि कालचं पुसलं जातं. त्यावर तारीख टाका की. कुणाचा आवाज कसकसा उतरत गेला, ते मला ताडून पाहायचंय."

भावोजींनी माझ्या मधोमध तारखेचा एक तुकडा घातला आणि मला हाताने चालवून पाहिलं. तारखेसकट गाठोडं तयार. "झालं तुमचं काम, वहिनी," म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता क्रॉनने मला उठवलं आणि मी उभी राहता राहता कोसळले. अर्धं अंग कुठे गेलं, माझं मलाच कळेना. क्रॉनने रीतसर पत्र लिहिलं, 'ओळ अर्धवट आहे. कंस उघडला, पण मिटलेला नाही.' ते पत्र सर्व्हरच्या टपालपेटीत पडलं. ती पेटी कुणी उघडायचं नाही. मी रोज पडायचे आणि रोज पेटीत एका पत्राची भर पडायची.

त्याच सुमारास मास्तर आले. गणिताचे मास्तर, आवाज आधीच खरखरीत झालेला. बरोबर त्यांची बायको, तिला सगळे काकू म्हणायचे. मास्तरांना प्रत्येक गोष्ट टक्क्यांत लागायची.

"अगं, भूक किती टक्के?"

"साठ."

"मग थांबू थोडं."

काकू ताईंना म्हणाल्या, "चाळीस वर्षं हेच चाललंय हो. एकदा मी म्हटलं, शंभर टक्के सुखात आहे. तर म्हणतात कसे, शंभर म्हणालीस म्हणजे काहीतरी लपवतेयस!"

साठ वाक्यं झाली. 'तुमचं स्वतःचं काही'ची पाळी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "आकडे. एक ते शंभर."

"अहो मास्तर, आकडे तो डबा स्वतःच बोलतो."

"त्याच्या आवाजात बोलत असेल. माझ्या कुठे?"

पण घसा इतका दुखत होता, की ते काम पुढे ढकलावं लागलं. शेवटी ठरलं, की ऑपरेशनसाठी भरती व्हायच्या दिवशी दुपारी इथे यायचं, आकडे म्हणायचे आणि इथूनच परस्पर रुग्णालयात जायचं.

इकडे ताईंच्या लक्षात आलं, की दुसऱ्या डिस्कवर नवीन गाठोडं येतच नाही. त्यात आवाज साठवायची मुख्य डिस्क कुरकुरायला लागलेली. नवी मागवलेली, पण अजून आली नव्हती. भावोजी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मला हाताने चालवलं आणि मी सुरळीत चालले.

"वहिनी, हे बघा गाठोडं. चालतंय की!"

"तुम्ही असलात की चालतं, पाठ फिरवलीत की बंद. तुमचंच लाडकं दिसतंय."

मास्तर यायचे त्या दिवशी भावोजी अकरालाच हजर झाले, मला हाताने चालवलं आणि निघाले. ताई दारात आडव्या आल्या. "आज सव्वा वाजेपर्यंत हलायचं नाही. ते स्वतःहून चाललेलं मला दाखवा. मास्तरांचा आवाज पुन्हा नाही मिळायचा, भावोजी."

मग कुठे त्यांनी टपालपेटी उघडली. "अरे देवा! सव्वीस पत्रं!" त्यांनी वाचली, मला पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं. "कंस मिटलेला नाही म्हणे. हा काय, धडधडीत मिटलाय!" मला मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घेऊन ते बाहेरच्या बाकावर अक्षरं मोजत बसले, कारण खोलीत मास्तर आले होते.

एक. दोन. तीन. मास्तर वर्गात म्हणावेत तसे सावकाश म्हणत होते. चाळिशीनंतर आवाज फाटायला लागला. एकाहत्तरला तो बसलाच. घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा एकाहत्तरपासूनच सुरू केलं, बहात्तरपासून नव्हे. मी आजवर कितीतरी आकडे वाहून नेलेत, पण एवढ्या किमतीचे आकडे कधी ऐकले नव्हते. शंभर झालं तेव्हा एक वाजून गेला होता.

तेवढ्यात भावोजी कागद घेऊन आत आले. कागद दिसला की तपासायचा, ही मास्तरांची जुनी खोड. त्यांनी तो हातातून घेतलाच.

"हे टक्के कशाचे?"

"कुठले हो?"

"हे काय. चिन्ह आहे, आकडा नाही. कशाचे टक्के?"

"टक्के नाहीत ते, मास्तर. ती तारखेची खूण…" भावोजी थबकले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, क्रॉनच्या घरी या चिन्हाचा अर्थ ओळ संपली! पुढचा कंस त्याने कधी वाचलाच नाही. मी हाताने चालवताना क्रॉन मध्ये नसतो, म्हणून चालायची!"

त्यांनी दोन बोटांनी त्या चिन्हाआधी एक तिरकी रेघ मारली. म्हणजे क्रॉनला सांगणं, की बाबा रे, याला हात लावू नकोस.

"अगं बाई!" ताई ओरडल्या. "माइकचा लाल दिवा चालूच राहिला की. हे सगळं मास्तरांच्या आकड्यांमागे भरलं गेलं." त्यांनी घाईने बटण बंद केलं. एक वाजून तेरा मिनिटं झाली होती. मास्तर आणि काकू निघाले.

सव्वा वाजता क्रॉनने हाक मारली. मी उठले, आणि या वेळी अख्खी उठले. मास्तरांचे शंभर आकडे गाठोड्याच्या एका कोपऱ्यात मावले. त्यांच्यामागे माझ्याविषयीचा तो प्रश्नही होता. रुग्णालयाच्या वाटेवर असलेल्या माणसाने आपले शेवटचे शब्द माझ्यासारख्या ओळीची चूक काढण्यात घालवले, या विचाराने मी अजून शहारते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य डिस्क बंद पडली ती कायमची. ताईंनी भावोजींना बोलावून घेतलं. भावोजींनी त्यांना माझं गाठोडं उघडून दाखवलं. एक, दोन, तीन, सगळे होते. सकाळी अकराला हाताने बांधलेल्या गाठोड्यावर विसंबले असते, तर त्यात आकडे मिळाले नसते.

दीड महिन्याने मास्तर डबा घ्यायला आले. आता त्यांचं नुसतं टेबलावर बोटं वाजवणं ऐकू येत होतं. ताई म्हणाल्या, "मास्तर, पहिलं बटण मी माझ्या मनाने भरलंय हं."

मास्तरांनी ते दाबलं. "हे टक्के कशाचे?"

भावोजी हसले, ताई हसल्या, टेबल जोरात थापटल्याचा आवाज आला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "अहो, खरं सांगा. आता किती टक्के बरं वाटतंय?"

बराच वेळ बटणं शोधल्याची टकटक चालली. मग खरखरीत, सावकाश, वर्गातला आवाज आला.

"बावन्न."

"लपवत नाही आहात ना," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. हसतही होत्या.

मी अजून त्याच वेळापत्रकात आहे, अंगावर एक तिरकी रेघ जास्त घेऊन. तुमच्याही घरी, कचेरीत माझ्यासारखी एखादी ओळ निमूट राबत असेल. तिची पत्रं उघडत जा. तिने बांधलेलं गाठोडं अधूनमधून सोडून पाहत जा. आणि मला विचाराल, सगळं ठीक चाललंय ना, तर मी शंभर टक्के असं कधीच म्हणणार नाही.