मोटारीचं तोंड

देऊळघाटात स्वतःची मोटार असलेला एकच माणूस होता, आणि त्या सकाळी तो अंगणात उभा राहून त्याच मोटारीला शिव्या देत होता. भगवानराव पाटील त्याचं नाव. मोटार आली तेव्हा याच गृहस्थानं गावभर साखर वाटली होती. आता साखर खाल्लेलं निम्मं गाव कुंपणाशी उभं राहून तमाशा पाहत होतं.

उद्या अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अखाजीला बहिणी माहेरी येतात, पण भगवानरावांची थोरली बहीण तानुबाई सहा वर्षांत आली नव्हती. दरवर्षी तिला आणायला बैलगाडी जायची, गडीमाणूस जायचा, फक्त भाऊ जात नव्हता. एका वर्षी गुरुवार आडवा आला, दक्षिणेला दिशाशूळ, तिकडं निघणं अशुभ. एका वर्षी म्हणे नुकतीच अमावस्या होऊन गेली होती. आता अमावस्या अखाजीच्या आधी दरवर्षीच होऊन जाते, हे भगवानरावांनाही ठाऊक होतं. खरं कारण एवढंच की दुसरबीड लांब, ऊन फार आणि पाटलाचं बूड जड. गाडी रिकामी परत यायची. यंदा तानुबाईनं निरोप धाडला होता: "अखाजीच्या आदल्या दिवशी तू स्वतः ये. दिस डोक्यावर येईपर्यंत वाट पाहीन. नाही आला तर मले माहेर नाही, असं समजून घेईन."

हा निरोप ऐकल्यापासून भगवानरावांचा घास गोड लागत नव्हता. मोटार आपण अक्कासाठीच घेतली, असं ते सगळ्यांना सांगत. रोज संध्याकाळी ती बुलढाण्याच्या बाजारातून दोनदा कोणासाठी फिरवत, ते मात्र सांगत नसत.

तर आदल्या दिवशी मोटारीची रबरी नळी फुटली. चिखलीच्या लॉरीवरचा ड्रायव्हर रंगराव गावात होता. त्यानं नवी नळी बसवली, आणि पाटलांनी स्वतःच्या हातानं रेडिएटरमध्ये पाणी भरलं. सकाळी सहाला गाडी सुरू केली. वेशीपर्यंत गेली नाही तोच झाकणातून फसफस वाफ. ढकलत परत आणली, थंड केली, पाणी घातलं, सुरू केली. पुन्हा वाफ! तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा आठ वाजून गेले होते.

"पाणी कमी नाही पाटील, आत हवा अडकून राह्यली," रंगराव म्हणाला. "पाणी जथी जायले पायजे, तथी हवा बसली हाये. गाडीचं तोंड चढाले करा, झाकण उघडं ठेवा अन् इंजन हळूहळू चालू द्या. हवा वर चढन अन् झाकणातून निघून जाईन."

अंगणाला चढ एकच होता, गोठ्याकडचा. भगवानरावांनी तिकडे पाहिलं आणि मान हलवली.

"ते जमणार नाही. ती दक्षिण हाये."

"मंग?"

"मंग काय बे? दक्षिणेले तोंड करून कोणी जेवते का? माह्या गाडीले काऊन पाजू?"

रंगरावानं कपाळाला हात लावला. भगवानराव मागं हटेनात. गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणजे उताराला. आणखी दोन तांबे पाणी घातलं, आणखी एकदा वाफ निघाली. कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं, "पाटील, चहा टाका तिच्यावर!" भगवानरावांचे कान तापले.

इतक्यात कोकिळाबाई पुरणाचे हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याचा हट्ट त्या वीस वर्षं पाहत होत्या.

"अवो, अक्काचं गाव कोणीकडं हाये?"

"दुसरबीड? आता ते का विचारणं झालं? दक्षिणेले."

"मंग तथीपर्यंत गाडी मागं मागं नेणार हाये का?"

सगळं कुंपण खदखदून हसलं. भगवानराव बायकोकडे पाहत राहिले, मग गोठ्याकडे, मग आकाशात सूर्य कुठवर आला तिकडे. आपण किती वाजल्यापासून गाढवासारखे उभे आहोत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"ढकला," ते म्हणाले. "गोठ्याकडं तोंड करा."

इंजिन थंड होऊ दिलं. मग झाकण काढून सुरू केलं. रंगराव नळी हातानं दाबत होता, भगवानराव हळूहळू पाणी ओतत होते. आधी काहीच झालं नाही. मग गुडगुड झाली, मोठमोठे बुडबुडे आले, आणि पाणी झपकन खाली गेलं. ओतलं, पुन्हा बुडबुडे. अर्धी घागर पाणी आत गेलं तेव्हा कुठं ते एकसारखं वाहू लागलं. अर्धी घागर! एवढी जागा सकाळपासून नुसत्या हवेनं अडवून धरली होती, आणि तिच्या राखणीला पाटील स्वतः उभे होते.

"तथी पोचल्यावर थंड झाली का पुन्हा चढाले तोंड करून पाह्यजा," रंगरावानं बजावलं. "थोडी राह्यली असन तर निघून जाईन."

भगवानराव एकटेच निघाले. वाटेत गाडी तापली नाही. तापत होते ते स्वतः, कारण सूर्य चिखलीच्या पुढंच डोक्यावर आला.

दुसरबीडला पोचले तेव्हा दोन वाजले होते. तानुबाई ओट्यावर बसली होती. बांधलेलं गाठोडं सोडून लुगडी तिनं परत दांडीवर टाकली होती. उघड्या दारातून लुगडी दिसत होती.

"माहं जेवण झालं," ती म्हणाली. "काय झालतं यंदा? गुरुवार तर नाही आज."

गाडीत हवा अडकली होती, हे उत्तर भगवानरावांच्या ओठावर आलं होतं. खरंही होतं. पण ते म्हणाले, "गाडीले काही झालं नव्हतं, अक्का. मीच अडून बसलो होतो. सहा वर्सं झाली, मीच अडून बसलो हावो."

एवढं बोलून ते गाडीत बसले. गल्लीचा चढ पाहून त्यांनी गाडीचं तोंड तिकडं वळवलं, उतरले आणि झाकण थंड व्हायची वाट पाहत उभे राहिले. धाकट्या भावाची सगळी खुळं तानुबाईला पाठ होती. ती ओट्यावरून उठली.

"भगवान, तोंड कोणीकडं केलं रे? ती दक्षिण हाये."

"तुह्या दारात कायची दक्षिण, अक्का?"

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच खेकसली, "उभा काऊन राह्यला? रांजणातलं पाणी घे अन् भर तिच्यात."

आणि दांडीवरची लुगडी काढायला ती आत गेली.