संख्याशास्त्रातलं शून्य

आई कॉलेजात लेकीला एक वर्ष सीनियर होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि संध्याकाळी वर्गात पहिल्या बाकावर बसायचं, हा तिचा शिरस्ता. लेक यंदाच दाखल झालेली. मायलेकी मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून खात, तेव्हा पोरं गालातल्या गालात हसत. हसेनात का!

आज मात्र आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागच्या वर्षाच्या उशिरा लागलेल्या निकालात तिची शैक्षणिक स्थिती ‘समाधानकारक’वरून ‘ताकीद’वर आली होती. पुढच्या सेमिस्टरला सरासरी वर आली नाही, तर कॉलेजातून नाव कमी होणार. सोबत म्हणून लेकही सल्लागार बाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. “बाकी विषय बरे आहेत. घोडं पेंड खातंय ते संख्याशास्त्रात. तिथे शून्य आहे.”

“पण तो विषय मी सोडला होता. सरांना स्वतः भेटून सांगितलं होतं.”

“तोंडी सांगून विषय सुटत नाही हो. अर्ज नाही म्हणजे नापास, आणि ते शून्य सरासरीत धरलं जातं.”

आईने कपाळाला हात लावला. दुकानात तोंडी सांगण्यावर भागत असे.

“घरात कुणाचं आजारपण होतं का?” बाईंनी विचारलं. “डॉक्टरांचा कागद असेल तर शून्य काढता येईल. नाहीतर विषय पुन्हा घ्या, आणि तोवर ताकीद राहील.”

“छे, आजारपण कसलं? कंटाळा आला होता मला.”

लेक चपापली. मागच्या वर्षी ती खोलीबाहेर पडत नव्हती, जेवत नव्हती, जगावंसं वाटत नाही म्हणत होती. आई वर्ग सोडून तिच्या उशाशी बसून होती. लेकीने तोंड उघडलं, तशी आईने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

बाहेर जिन्यापाशी लेक उसळली. “खोटं का बोललीस?”

“याच बाई तुझ्याही सल्लागार आहेत. त्यांनी तुला मार्कांवरून ओळखावं, दुखण्यावरून नको.”

“आणि तुझं नाव कमी झालं तर?”

“झालं तर झालं. दुकान आहेच की.” आई पायरीवर बसून चष्मा पुसू लागली.

लेकीला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. ती तशीच मागे वळली आणि दार न वाजवता आत शिरली.

“बाई, आजारी मी होते,” ती म्हणाली. “मनाने. डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे. कुठे लावायचा ते सांगा, आणि माझ्या नावासकट लावा.”