माफी नको

"मेला. एकदाचा मेला," मुंसेफ केताताने जेवता जेवता जाहीर केलं.

मेहुण्याचा, म्हणजे नेजिबचा, चमचा ताटातल्या कुसकुसात तसाच उभा राहिला. "कोण?"

"प्रोग्रॅम. तुझ्या लॅपटॉपवर."

"सलवा, तुझा नवरा माझ्या नव्या लॅपटॉपवर काहीतरी मारून हसतोय."

"हसू दे. आठवडाभराने हसतोय," म्हणत सलवाने नवऱ्याच्या ताटात माशाचा तुकडा वाढला.

मुंसेफ स्फाक्स शहराच्या नगरपालिकेत करमाफीच्या टेबलावर बसतो. घरी तो एका फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गाणी वाजवणारा एक जुना प्रोग्रॅम चालता ठेवतो, तोही फुकट. तिथे आता नवा नियम आला होता: प्रोग्रॅमने ऐन वेळी पत्ता काढून कोडमधल्या दुसऱ्या जागी उडी मारली, तर तिथे ठरलेली खूण हवी. नसेल तर प्रोसेसर प्रोग्रॅम तिथेच ठार करतो, म्हणजे चोराला भलत्याच जागी उडी घेता येत नाही. बाकीच्या कोडमध्ये खुणा आपोआप पडतात. असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, हाताने लिहिलेल्या भागात त्या हातानेच घालाव्या लागतात.

त्याने घातल्या. घरी आठवडाभर सगळं सुरळीत वाजलं. आज सकाळी चुकून एक खूण पुसली गेली, तरी वाजलंच. तेव्हा त्याला उमगलं, की त्याचा संगणक इतका जुना आहे की तो कुणाला अडवतच नाही. म्हणून चूक पकडणाऱ्या नव्या प्रोसेसरसाठी स्वारी न बोलावता मेहुण्याकडे आली होती.

संध्याकाळी सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत बदल घेणं बंद होणार होतं. तोवर जमलं नाही, तर प्रोग्रॅम माफीच्या यादीत जाणार होता. चालला असता, पण पहाऱ्याशिवाय.

"मग घे की माफी," नेजिब म्हणाला. "मुंसेफसाहेब, त्यासाठी लोक तुझ्या दारात रांगा लावतात."

"म्हणूनच नको. माफी घेणाऱ्यांची तोंडं रोज बघतो मी."

"मग प्रत्येक ओळीवर खूण कर."

"सगळ्यांनाच आमंत्रण दिलं, तर दारावर माणूस कशाला उभा करायचा?"

त्याने ताट बाजूला सारलं. प्रोग्रॅम मेला ती जागा पडद्यावर होती. खुणा कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला होत्या. ही उडी मात्र पत्त्यांच्या एका तक्त्यातून पत्ता उचलून तुकड्याच्या मधोमध पडत होती. त्या तक्त्यातला एकेक पत्ता शोधून त्याने तिथे खूण घातली, बाकी कुठेही नाही. सलवाने न विचारता त्याच्यासमोर पुदिन्याचा चहा ठेवला.

गाणं वाजलं. पहिलं कडवं, दुसरं, शेवटपर्यंत. त्याने फाइलमधली माफी मागणारी ओळ खोडली आणि काम पाठवून दिलं. तासाभराने काम तपासणाऱ्या, नॉर्वेतल्या कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: "ठीक. घाल."

नेजिबने तेच गाणं पुन्हा लावून कान देऊन ऐकलं. "आधीसारखंच तर वाजतंय. फरक काय पडला?"

"काहीच नाही," मुंसेफ म्हणाला. ऑफिसात साहेबांसमोरही तो कधी इतका ताठ बसला नव्हता.